वाहतूक कोंडी आणि रस्त्यावरील घटनांचे प्रादेशिक व्यवस्थापन: नव्याने रुजू होणाऱ्या नियोजनकारांसाठी मार्गदर्शक

प्रादेशिक नियोजनाच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या माणसासमोर पहिल्या आठवड्यातच बहुधा एक नकाशा येतो, आणि त्यावर लाल रंगात दाखवलेले रस्ते पाहून त्याच्या मनात पहिला विचार येतो तो हे रस्ते रुंद करण्याचा. विचार स्वाभाविक आहे, परंतु त्या एका लाल रेषेत दोन अगदी निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक कोंडी रोज ठरल्या वेळी आणि ठरल्या जागी होते, कारण त्या जागी रस्त्याला पेलवतील त्याहून अधिक वाहने येतात. दुसरी कोंडी अपघात, बंद पडलेले वाहन, सांडलेला माल, साचलेले पाणी किंवा रस्त्याचे काम यांमुळे अवचित होते आणि उद्या ती त्याच जागी असेलच असे नाही. पहिलीला आपण नित्य कोंडी म्हणू आणि दुसरीला प्रासंगिक कोंडी. या दोहोंची कारणे वेगळी, उपाय वेगळे आणि ते उपाय प्रत्यक्ष अमलात आणणारी माणसेही वेगळी असतात. त्यांची गल्लत झाली की पुढची सगळी योजना चुकीच्या पायावर उभी राहते.

अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाचा एक ढोबळ अंदाज या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. त्यानुसार त्या देशातील कोंडीपैकी सुमारे ४० टक्के कोंडी बॉटलनेकमुळे, म्हणजे रस्ता जेथे रोजच्या वाहनांना अपुरा पडतो अशा जागांमुळे होते. २५ टक्के अपघात आणि बंद पडलेली वाहने यांसारख्या घटनांमुळे, १५ टक्के खराब हवामानामुळे, १० टक्के रस्त्यांवरील कामांमुळे आणि सिग्नलच्या सदोष वेळा व मोठे कार्यक्रम यांमुळे प्रत्येकी ५ टक्के. प्रत्येक प्रदेशात हे प्रमाण बदलते, त्यामुळे हे आकडे आपल्या अहवालात जसेच्या तसे उतरवू नयेत. मात्र या वाटणीतून एक गोष्ट ध्यानात घ्यावी: कोंडीचा निम्म्याहून मोठा वाटा असा असू शकतो की ज्यावर जादा मार्गिका हे मुळात उत्तरच नाही.

पहिली पायरी: रस्त्यांचे जाळे आणि उद्दिष्ट ठरवणे

काम सुरू करण्यापूर्वी कोणत्या रस्त्यांची जबाबदारी आपण घेत आहोत, हे लेखी ठरवावे. शहर, जिल्हा आणि महामार्ग यांच्या हद्दी कागदावर वेगळ्या असल्या तरी वाहनांची रांग हद्द पाहून थांबत नाही. एका नगराच्या वेशीवरच्या सिग्नलमुळे शेजारच्या नगराचा उड्डाणपूल तुंबतो. प्रादेशिक संस्थेची गरज भासते ती नेमकी येथे. अमेरिकेत १९९१ च्या कायद्याने दोन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या नागरी प्रदेशांना कोंडी व्यवस्थापनाची व्यवस्था ठेवणे बंधनकारक केले आणि २००५ च्या कायद्याने तिला सतत चालणाऱ्या प्रक्रियेचे रूप दिले. हा बदल केवळ शब्दांचा नव्हता. एकदा अहवाल तयार करून कपाटात ठेवणे आणि दरवर्षी मोजणे, उपाय करणे व पुन्हा मोजणे, या दोन कामांत फार अंतर आहे.

उद्दिष्ट लिहिताना ‘कोंडी कमी करणे’ असे मोघम लिहू नये, कारण ते साध्य झाले की नाही हे कोणालाही कधीच सांगता येत नाही. ‘या मार्गावरून सकाळच्या गर्दीत जाणाऱ्या माणसाला कामाच्या २० दिवसांपैकी १९ दिवस ४५ मिनिटांत पोहोचता यावे’ किंवा ‘मार्गिका अडवणारी किरकोळ घटना ३० मिनिटांच्या आत दूर व्हावी’ अशी वाक्ये उद्दिष्ट म्हणून चालतात. त्यांत जागा, वेळ आणि आकडा या तिन्ही गोष्टी आहेत.

दुसरी पायरी: योग्य गोष्ट मोजणे

प्रवाशाला सरासरीचा फारसा उपयोग नसतो. समजा, एका मार्गावर रस्ता मोकळा असताना २२ मिनिटे लागतात आणि गर्दीच्या वेळी सरासरी ३० मिनिटे लागतात. या हिशेबाने परिस्थिती फार वाईट दिसत नाही. पण त्याच मार्गावर २० पैकी एका दिवशी वेळ ५५ मिनिटांच्याही वर जात असेल, तर ज्याला वेळेवर पोहोचणे भागच आहे, अशा माणसाला रोजच ५५ मिनिटे हाताशी ठेवून निघावे लागते. रुग्णालयातील परिचारिका किंवा परीक्षेला निघालेला विद्यार्थी सरासरीच्या भरवशावर राहू शकत नाही. म्हणून ९५ टक्के दिवस ज्या वेळेत प्रवास पूर्ण होतो, त्या वेळेला मोकळ्या रस्त्यावरच्या वेळेने भागून येणारा नियोजन-वेळ निर्देशांक काढतात. आपल्या उदाहरणात तो ५५ भागिले २२, म्हणजे २.५ येतो, सरासरी वेळेवर आधारलेला निर्देशांक मात्र जेमतेम १.३६ आहे. या दोन आकड्यांमध्ये जितकी मोठी दरी, तितका तो मार्ग बेभरवशाचा, आणि तितका तेथे प्रासंगिक कोंडीचा संशय अधिक घ्यावा. माझ्या मते नव्या नियोजनकाराने एकच निर्देशांक शिकायचा असेल तर हाच शिकावा.

आकडे अनेक वाटांनी मिळतात. रस्त्यात पुरलेली डिटेक्टर लूप वाहने मोजतात, मोबाईल आणि जीपीएस यांवरून वेग कळतो, कॅमेरे कारण दाखवतात. यांतील प्रत्येकाची मर्यादा समजून घ्यावी. जीपीएसवरून वाहने किती संथ चालली आहेत हे कळते, पण ती किती आहेत हे कळत नाही. लूपवरून संख्या कळते, पण एखादे लूप नादुरुस्त असेल तर ते शून्य वाहने दाखवत राहते आणि तो रस्ता नकाशावर मोकळा भासतो. म्हणून आकड्यांचा ताळा स्वतःच्या डोळ्यांनी घ्यावा. नव्या सहकाऱ्यांना मी गर्दीच्या वेळची एक पूर्ण पाळी नियंत्रण कक्षात बसायला सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेजवळ सुरक्षित ठिकाणी उभे राहून वही भरायला सांगतो. पडद्यावर जी केवळ लाल रेषा दिसते, तेथे प्रत्यक्षात वळणासाठी थांबलेली बस, भलत्याच मार्गिकेतून वळणारा ट्रक किंवा झाडाआड गेलेला दिशाफलक सापडतो.

तिसरी पायरी: रांगेचे तोंड शोधणे

कोंडी जेथे दिसते तेथे तिचे कारण बहुधा नसते. रांगेला एक तोंड असते आणि एक शेपूट. शेपूट वाढत मागे जाते, तक्रारी शेपटाकडून येतात, वर्तमानपत्रांतील छायाचित्रेही शेपटाचीच असतात. कारण मात्र तोंडापाशी असते. तोंड ओळखण्याची खूण सोपी आहे: त्या बिंदूच्या पुढे वाहने मोकळी होऊन वेग घेतात आणि मागे ती खोळंबलेली असतात. असा बिंदू रोज त्याच जागी आढळला तर तो बॉटलनेक. कमी होणारी मार्गिका, एकापाठोपाठ येणारे प्रवेश आणि निर्गम, चढ, अरुंद पूल किंवा सिग्नल यांपैकी काहीतरी तेथे हमखास सापडते. तोंड सोडून शेपटाकडचा रस्ता रुंद केला तर खर्च होतो आणि रांग फक्त आखूड व रुंद होते.

येथे वाहतुकीच्या प्रवाहाचा स्वभाव थोडा समजून घेणे उपयोगी पडते. चांगल्या महामार्गावरची एक मार्गिका तासाला साधारण २,२०० ते २,४०० मोटारी वाहून नेऊ शकते. मागणी या मर्यादेच्या जवळ पोहोचली की प्रवाह नाजूक होतो, आणि एकदा तो मोडला की तीच मार्गिका पूर्वीइतकी वाहनेसुद्धा पुढे सोडत नाही. जपानमधील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग हे फार नेमके दाखवतो. २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर त्यांनी २२ मोटारी समान अंतरावर उभ्या केल्या आणि चालकांना ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने एकामागून एक चालत राहायला सांगितले. मार्गात अडथळा नव्हता, सिग्नल नव्हता, मार्गिकाही कमी होत नव्हती. तरीही थोड्या वेळात काही मोटारी पूर्ण थांबू लागल्या आणि थांबण्याची ही लाट ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने उलट्या दिशेने सरकू लागली. एकाने ब्रेक किंचित जास्त दाबला, मागच्याने त्याहून जास्त, आणि पाच-सात मोटारींनंतर कोणीतरी उभाच राहिला. गर्दीच्या वेळी रस्ता काठोकाठ भरू न देण्यावर व्यवस्थापनाचा एवढा भर का असतो, ते या प्रयोगातून कळते.

चौथी पायरी: नित्य कोंडीवरील उपाय क्रमाने तपासणे

उपायांची यादी मोठी आहे. तिचा क्रम मात्र सांभाळावा: आधी मागणी, मग आहे त्या रस्त्याचे परिचालन, आणि शेवटी नवे बांधकाम.

मागणीच्या बाजूला कामाच्या वेळा मागेपुढे करणे, सार्वजनिक वाहतूक, एका वाहनातून अनेकांचा प्रवास, वाहनतळांचे दर आणि रस्ता वापराचे शुल्क हे उपाय येतात. शुल्काचा उपाय सर्वांत अप्रिय आणि तरीही सर्वांत परिणामकारक ठरलेला आहे. सिंगापूरने १९७५ मध्ये शहराच्या मध्यभागात शिरण्यासाठी परवाना लावला आणि १९९८ मध्ये त्याची जागा इलेक्ट्रॉनिक वसुलीने घेतली. लंडनमध्ये २००३ पासून कोंडी शुल्क आहे. नव्या माणसाने अभ्यासावे असे उदाहरण मात्र स्टॉकहोमचे आहे. तेथे २००६ मध्ये सुमारे सात महिने हे शुल्क केवळ प्रयोग म्हणून लावले गेले, शुल्क-क्षेत्राची सीमारेषा ओलांडणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली, प्रयोग संपल्यावर मतदान झाले आणि २००७ पासून शुल्क कायम करण्यात आले. अप्रिय उपाय लोकांना आधी अनुभवू देऊन मग त्यांचे मत घेतल्याने काय साधते, याचा हा धडा आहे. शुल्क लावायचे तर ज्यांना प्रवासाची वेळ बदलणे शक्य नाही आणि ज्यांच्याकडे बस-रेल्वेचा पर्याय नाही, त्यांची सोय आधी झाली पाहिजे, याविषयी मी आग्रही आहे.

परिचालनात सर्वांत स्वस्त काम सिग्नलच्या वेळा सुधारण्याचे असते आणि तेच सर्वांत दुर्लक्षित राहते. वस्ती वाढते, शाळा उघडते, बसमार्ग बदलतो, पण सिग्नल जुन्याच वेळा पाळत राहतो. दर तीन ते पाच वर्षांनी वेळा तपासाव्यात, असा सर्वसाधारण दंडक आहे. महामार्गांवर रॅम्प मीटरिंग हा उपाय केला जातो, म्हणजे प्रवेशमार्गावर सिग्नल लावून वाहने एक-एक, दोन-दोन अशी आत सोडली जातात. शिकागोमध्ये १९६३ मध्ये याची सुरुवात झाली तेव्हा रॅम्पवर पोलीस उभा राहून हातानेच वाहने सोडत असे. हा उपाय किती कामाचा आहे याची परीक्षा मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत झाली. रॅम्पवर ताटकळणाऱ्या लोकांच्या तक्रारींवरून २००० साली विधिमंडळाच्या आदेशाने तेथील रॅम्पवरचे सुमारे ४३० सिग्नल (त्यांना मीटर म्हणतात) काही आठवडे बंद ठेवण्यात आले. त्या काळात महामार्गावरून जाणाऱ्या वाहनांची संख्या ९ टक्क्यांनी घटली, प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. मीटर पुन्हा सुरू झाले, पण रॅम्पवर कोणालाही चार मिनिटांपेक्षा जास्त थांबावे लागू नये अशी अट घालून. तक्रार खरी होती आणि उपायही खरा होता. तोडगा काढताना दोहोंचा मान राखला गेला, म्हणून हे उदाहरण मला मोलाचे वाटते.

बांधकाम शेवटी. रस्ता रुंद केल्यावर पूर्वी वेळ बदलून जाणारे, दुसऱ्या रस्त्याने जाणारे आणि प्रवास टाळणारे लोक परत त्याच रस्त्यावर त्याच वेळी येतात. ड्युरान्तोन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील महानगर प्रदेशांत महामार्गांच्या मार्गिकांची एकूण लांबी जितक्या प्रमाणात वाढली, जवळपास तितक्याच प्रमाणात वाहनांचा प्रवासही वाढल्याचे दिसले. याचा अर्थ कधीच काही बांधू नये असा होत नाही. तुटलेला दुवा जोडणे, घातक वळण सुधारणे, बॉटलनेकपाशी छोटी जोड-मार्गिका देणे ही कामे आवश्यक असतात. मोठ्या रुंदीकरणाच्या प्रस्तावात मात्र ‘ही नवी जागा किती वर्षांत भरेल?’ या प्रश्नाचे उत्तर आकड्यांसह असले पाहिजे.

पाचवी पायरी: घटनेतील प्रत्येक मिनिटाचा हिशेब मांडणे

आता प्रासंगिक कोंडीकडे वळू. येथे मी अधिक वेळ घेणार आहे, कारण नवे नियोजनकार हा विषय पोलिसांचा म्हणून सोडून देतात आणि तेथेच सर्वांत मोठी संधी दवडतात.

एका दिशेला तीन मार्गिका असलेल्या महामार्गावर एक मार्गिका अडली तर क्षमता एक-तृतीयांशाने कमी होईल असे वाटते. प्रत्यक्षात ती जवळजवळ निम्म्यावर येते. अमेरिकेतील महामार्ग क्षमता पुस्तिकेनुसार अशा वेळी सुमारे ४९ टक्के क्षमता उरते, दोन मार्गिका अडल्यास १७ टक्के, आणि अपघातग्रस्त वाहने नुसती साईडपट्टीवर उभी असली तरी ८३ टक्केच. मार्गिका बदलण्याची धडपड आणि वाकून पाहण्याची सवय यांत उरलेली क्षमता जाते.

आता कागद-पेन्सिल घेऊन पुढचे गणित स्वतः करून पाहावे. रस्त्याची क्षमता तासाला ६,००० वाहने धरू आणि येणारी वाहने ४,५०० धरू. एक ट्रक मधल्या मार्गिकेत बंद पडला आणि क्षमता ४९ टक्क्यांवर, म्हणजे २,९४० वर आली. तासाला १,५६० वाहने मागे साचू लागली. ट्रक ३० मिनिटांनी हलला तर तोवर ७८० वाहनांची रांग तयार झालेली असते. तीन मार्गिकांत वाटून प्रत्येक वाहनासाठी अवघे १० मीटर धरले तरी ती २.६ किलोमीटर भरते. ट्रक हलला म्हणून कोंडी संपत नाही. रस्ता आता तासाला ६,००० वाहने सोडतो, पण मागून ४,५०० येतच असतात, म्हणून रांग तासाला १,५०० या गतीनेच ओसरते आणि तिला आणखी ३१ मिनिटे लागतात. सर्वांचा मिळून वाया गेलेला वेळ सुमारे ३९८ वाहन-तास होतो. हाच ट्रक २० मिनिटांत हलला असता तर रांग ५२० वाहनांची झाली असती, ती २१ मिनिटांत ओसरली असती आणि एकूण नुकसान सुमारे १७७ वाहन-तास झाले असते. वेळ एक-तृतीयांशाने वाचला, नुकसान मात्र निम्म्याहून अधिक घटले. कारण नुकसान अडथळ्याच्या कालावधीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ही गोष्ट एकदा हाताने मांडून पाहिलेला माणूस क्रेन वेळेत न पोहोचण्याला पुन्हा कधी किरकोळ बाब म्हणत नाही.

ती ३० मिनिटे कोठे गेली, हे पाहण्यासाठी घटनेचे टप्पे पाडावेत: घटना कळणे, तिची खातरजमा, मदत पोहोचणे, रस्ता मोकळा करणे आणि वाहतूक पूर्ववत होणे. प्रत्येक टप्प्याची वेळ नोंदवली जाईल अशी व्यवस्था करावी. दोन वेळा कटाक्षाने वेगळ्या ठेवाव्यात: पहिली खबर मिळाल्यापासून सर्व मार्गिका खुल्या होईपर्यंतची वेळ, आणि पहिली खबर मिळाल्यापासून शेवटचा मदतनीस जागा सोडेपर्यंतची वेळ. पहिली वेळ कमी असून दुसरी मोठी असेल, तर वाहने साईडपट्टीवर रेंगाळत आहेत आणि क्षमतेचा सहावा हिस्सा अजूनही जात आहे, असे समजावे. अमेरिकेत घटनांची वर्गवारी साधारणपणे ३० मिनिटांपर्यंत किरकोळ, ३० मिनिटे ते दोन तास मध्यम आणि त्यापुढे गंभीर अशी करतात. हीच वर्गवारी सुरुवातीला वापरण्यास हरकत नाही.

मग प्रत्येक टप्प्यातून मिनिटे काढावीत. खबर लवकर मिळावी म्हणून महामार्गावर ठळक क्रमांकाचे लहान फलक थोड्या-थोड्या अंतरावर लावावेत, म्हणजे फोन करणाऱ्याला आपण कोठे आहोत हे सांगता येते. दिशा चुकीची कळली आणि रुग्णवाहिका समोरच्या बाजूला पोहोचली तर पुढचा वळसा जीवघेणा ठरू शकतो. गस्ती वाहने ठेवावीत, ज्यांच्याकडे इंधन, जॅक, दोरखंड, ट्रॅफिक कोन आणि वाहन ढकलून बाजूला करण्याचे साधन असेल. शिकागोत अशी गस्त १९६० पासून आहे. नेदरलँड्समधील पद्धत विशेष अनुकरणीय आहे: तेथे घटनेची पहिली खबर येताच टोइंगचे वाहन रवाना होते, पोलिसांनी पाहणी करून बोलावण्याची वाट पाहिली जात नाही. काही फेऱ्या फुकट जातात, आणि वरचे गणित केलेल्या माणसाला त्या फेऱ्यांचा खर्च जड वाटत नाही. अवजड वाहन उलटले असेल तर साधी क्रेन पुरत नाही. फ्लोरिडा आणि वॉशिंग्टन या राज्यांनी मोठ्या घटनांसाठी ९० मिनिटांचे लक्ष्य ठेवून ते पाळणाऱ्या टोइंग कंत्राटदारांना जादा मोबदला देण्याची योजना राबवली आहे.

रस्ता मोकळा होण्यात सर्वाधिक वेळ बहुधा संकोचात आणि कायद्याच्या भीतीत जातो. किरकोळ धक्क्यानंतर दोन्ही चालक ‘जागा हलवली तर पुरावा जाईल’ म्हणून वाहने मार्गिकेतच ठेवून वाद घालत राहतात. कोणाला इजा नसेल आणि वाहन चालत असेल तर ते ताबडतोब बाजूला घ्यावे, असा स्पष्ट नियम आणि त्याचे फलक असले पाहिजेत. तसेच, मालकाची संमती नसतानाही अडथळा हलवण्याचा अधिकार पोलिसांना व रस्ते यंत्रणेला असावा आणि सद्भावनेने केलेल्या या कामातून झालेल्या नुकसानीबद्दल त्यांना कायद्याचे संरक्षण मिळावे. गंभीर अपघातात पंचनामा सखोलच झाला पाहिजे, त्यात घाई नको. पण फितीने मोजमाप घेण्याऐवजी छायाचित्रांवरून किंवा ड्रोनने नोंद घेतल्यास तेच काम बऱ्याच कमी वेळात होते.

घाई आणि सुरक्षितता यांत निवड करण्याची वेळ आली तर सुरक्षितता निवडावी, हे येथेच सांगून ठेवतो. रस्त्यावर काम करणारा पोलीस, अग्निशमन कर्मचारी आणि क्रेनचा चालक भरधाव वाहनांपासून हाताच्या अंतरावर उभे असतात. मोठे वाहन तिरपे उभे करून त्यांना आडोसा द्यावा, गरज पडल्यास शेजारची आणखी एक मार्गिका थोडा वेळ बंद करावी, आणि रांगेच्या शेपटाकडे, खूप आधी, इशारा देणारे वाहन किंवा फलक ठेवावा. रांगेच्या टोकावर मागून येऊन आदळणारे दुय्यम अपघात पहिल्या अपघातापेक्षा भीषण असू शकतात. रांग मागे सरकते तसा इशाराही मागे सरकला पाहिजे. एकाच जागी ठेवलेला फलक दहा मिनिटांत रांगेच्या पोटात जातो.

सहावी पायरी: यंत्रणांना आधीच एकत्र बसवणे

पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, रस्ते विभाग, टोइंग कंत्राटदार आणि बस यंत्रणा यांची पहिली ओळख अपघाताच्या जागी होऊ नये. प्रादेशिक नियोजनकाराच्या हातात कोणाचीही सूत्रे नसतात, पण सर्वांना एका टेबलाभोवती बोलावण्याचे स्थान त्याच्याकडे असते, आणि ते त्याने वापरलेच पाहिजे. मोठ्या घटनेत कोण केव्हा प्रमुख असेल, माहिती कोण कोणाला देईल, मार्गिका उघडण्याचा निर्णय कोणाचा, हे सामंजस्य करारात लिहावे आणि वर्षातून किमान एकदा नकाशा पसरून त्यावर एका काल्पनिक घटनेचा सराव करावा.

वळणमार्ग आधी ठरवून ठेवणे हेही याच पायरीतले काम आहे. वळणमार्गावरचा पूल किती उंच आणि किती भार सोसणारा आहे, लांब ट्रेलर त्या चौकात वळू शकतो का, वाटेत रेल्वे फाटक, शाळा किंवा रुग्णालय आहे का, तेथील सिग्नलच्या वेळा दुरून बदलता येतात का, हे कागदावर न विचारता एखाद्या अनुभवी ट्रकचालकाला सोबत घेऊन प्रत्यक्ष फिरून तपासावे. ज्या वस्तीतून आपण महामार्गाची वाहतूक वळवणार आहोत, तेथील रहिवाशांना आधी विश्वासात घ्यावे.

रस्त्यांची कामे आणि मोठे कार्यक्रम यांना याच चौकटीत बसवता येते. फरक इतकाच की त्यांची तारीख आधी कळते. दोन समांतर रस्त्यांवर एकाच महिन्यात खोदकाम निघू नये म्हणून सर्व यंत्रणांच्या कामांचे एकच सामायिक वेळापत्रक ठेवावे, आणि कंत्राटदार मार्गिका जितके तास अडवील तितक्या तासांचे भाडे त्याच्याकडून घेण्याची अट निविदेत असावी.

सातवी पायरी: परिणाम प्रामाणिकपणे तपासणे

उपाय केल्यावर आधीची आणि नंतरची स्थिती मोजताना महिना, वार आणि हवामान शक्यतो सारखे घ्यावे. सुट्टीच्या काळाची तुलना शाळा चालू असतानाच्या काळाशी केली तर कोणताही उपाय यशस्वी दिसतो. शेजारचा, उपाय न केलेला एखादा मार्गही सोबत मोजावा, म्हणजे एकूण वाहतूकच घटली होती की आपल्या उपायाने फरक पडला, हे कळते.

अपघातांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. एखाद्या जागी एका वर्षात फार अपघात झाले म्हणून आपण ती जागा निवडतो, उपाय करतो आणि पुढच्या वर्षी अपघात घटतात. त्यातला काही भाग योगायोगाचाही असतो, कारण असाधारण वाईट वर्षानंतरचे वर्ष बहुधा सरासरीकडे परतते. म्हणून निवड करतानाच किमान तीन ते पाच वर्षांच्या नोंदी घ्याव्यात आणि उपायानंतरही तितकाच धीर धरावा.

प्रत्येक मोठ्या घटनेनंतर आठवडाभरात त्यात सहभागी झालेल्या सर्वांची छोटी बैठक घ्यावी. तेथे चूक कोणाची हे विचारू नये. कोणत्या टप्प्याला किती मिनिटे लागली आणि त्यातली कोणती कमी करता आली असती, एवढेच विचारावे. क्रेनचालकाला बोलते करावे, कारण त्याला माहीत असलेली गोष्ट अहवालात क्वचितच येते: दुभाजकातले फाटक गंजून बसले होते आणि कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे जागेवरच्या एकालाही ठाऊक नव्हते. अशी नोंद झाली की त्या किल्लीची एक प्रत गस्ती वाहनात, एक नियंत्रण कक्षात आणि एक जवळच्या अग्निशमन केंद्रात त्याच आठवड्यात पोहोचवावी आणि फाटकाला तेल घालून ते उघडून पाहावे.